मार्च की मे

११ जानेवारी

पोराचा फोन. मार्चमध्ये या म्हणतो. तेव्हा तिकडे वसंत नुकता लागतो, गर्दी नसते, त्यालाही सुट्टी आहे. थंडी किती विचारलं तर म्हणे, असते थोडी. थोडी म्हणजे किती रे बाबा! तुझ्या बापाची छाती म्हणजे फाटका भाता. जन्मभर लाकूड कापलं, भुसा सगळा आत जाऊन बसलाय. तर म्हणे, मग मेमध्ये या, तेव्हा छान ऊब असते. मग मार्चचं काढलंस कशाला? शेवटी काय — "तू ठरव आई."

मी ठरवू. मी काय वेधशाळा आहे?

१४ जानेवारी

ह्यांचं एकच गाणं, मार्च. नात चालायला लागलीय. फोनमध्ये दिसते ती निम्मी — कधी नुसते पाय, कधी नुसतं डोकं. "मला अख्खी बघायचीय," म्हणतात. घरचा जिना चढताना दोनदा बसतो हा माणूस, आणि निघालाय समुद्रापार!

२० जानेवारी

डॉक्टरकडे गेलो. छाती ऐकली, फोटो उजेडात धरून बघितला. थंडी टाळलेली बरी, म्हणाला, पण फार लांबवूही नका. म्हटलं, दोन्हीतलं एक काय ते सांगा. हसला. "काकू, तुम्हीच ठरवा." एवढंच सांगायचं तर दारावर एवढी मोठी पाटी कशाला?

संध्याकाळी नणंदेचा फोन. तिकडच्या थंडीत धडधाकट माणसं आडवी होतात, काही झालं तर परक्या मुलखात काय करशील? एवढं बोलून वन्संनी फोन ठेवला. आता ते "काही" माझ्या डोक्यात बसलंय.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

२ फेब्रुवारी

पोराकडून आकडा काढून घेतलाच. मार्चमध्ये दिवसा चार-पाच डिग्री. ऐकलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. चार! आमच्या शीतगृहात सफरचंदांच्या खोलीवर काटा आहे तो कायम चारवर. रोज मी त्यात जाऊन पेट्या काढते, नासकी वेगळी करते. मग कुणाला विचारत कशाला बसायचं? ह्यांनाच नेऊन आत बसवायचं. सोसलं तर मार्च, नाही तर मे. मिटलं.

माझ्या शेजारी निवडायला बसते तिला सगळ्या बडबडी म्हणतात. तिला सांगितलं. म्हणते, "नवरा पेटीत घालून बघायचा, हे नवीनच!" हसेना का.

६ फेब्रुवारी

नेलं. साहेब जेवायला गेले तेवढ्यात. मुकादमाला आधीच पटवला होता. दोन स्वेटर, त्यातला वरचा जाड सूनबाईने पाठवलेला. कानटोपी, मफलर, नुसतं नाक बाहेर. उपड्या क्रेटवर बसवलं. आत अंधूक. पंखे घोंघावतात, भिंतींना घाम. मी दार लोटून बाहेर, काचेतून बघत.

आधी मजेत होते. दार लोटताना मुकादमाला म्हणाले, "मला इथंच ठेवा. मेपर्यंत टिकेन."

मग खांदे हलायला लागले. दार उघडलं तर पोटात गुडघे घेऊन खोकत होते, ओठ जांभळे. म्हणाले, थंडी नाही गं, सफरचंदाचा वास चढला. बडबडी पाणी घेऊन आली, आणि एक शब्द बोलली नाही. ती!

येताना बसमध्ये म्हणाले, आज जेवण कमी झालं होतं, परत एकदा बघू. नापास झालेल्या पोरासारखं तोंड.

मी म्हटलं, मे.

७ फेब्रुवारी

बोलत नाहीत. भाजीत मीठ नव्हतं तरी गुमान जेवले.

१५ फेब्रुवारी

मेची तिकिटं झाली. पोरगा "बरं" म्हणाला. त्या "बरं"मध्ये काय होतं कळलं नाही. नातीला फोनवर सांगितलं, आजोबा मेमध्ये येणार हं. ती फोन चाटत होती.

१२ मार्च

आज निघालो असतो. ह्यांनी तो जाड स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला. म्हटलं, मेमध्ये तो कशाला? म्हणाले, असू दे, विमानात गार असतं.

२४ मार्च

ताप. इथं पंखे लावायची वेळ आली आणि ह्यांना हुडहुडी! घरातल्या घरात, खिडक्या लावून. बदलत्या हवेनं होतं असं, डॉक्टर म्हणतो. आता दवाखान्यात हलवा म्हणतो. एवढं जपून ठेवलं ते कशापासून?

३ एप्रिल

दवाखान्यातच. नाकाला नळी. रोज विचारतात, मे लांब आहे का. आज चिडून म्हटलं, आलाच आहे, जरा दम धरा. मग मी बाहेर जाऊन बसले. दम धरा! कुणाला म्हणतेय मी.

महिना ढकलता आला असता तर ढकलला असता. पेट्या ढकलते तसा, खांदा लावून.

१४ मार्च, वर्ष बदललं

पोराच्या घरी. एकटी आले. ह्यांचा मे आलाच नाही.

दुपारी नातीला घेऊन बागेत बसले. निघताना पोरानं सांगितलं, बाहेर चार आहे. म्हणजे आमच्या खोलीएवढंच. पण इथं ऊन आहे. वारं नाही, पंखे नाहीत. बाकावर म्हातारी माणसं कोट उघडे टाकून डोळे मिटून बसलीत. उन्हाचं मला कुणी सांगितलंच नाही.

नात पुढे पळत होती. अख्खी.

अंगातला ह्यांचा स्वेटर काढून मांडीवर ठेवला. गरम होत होतं.