मला कॅम्पात का धाडलंत, बाई?

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझ्याच गुडघ्यांनी संप पुकारलाय. पण एक गोष्ट विचारायची राहिली ती राहिलीच, म्हणून लिहायला बसले. उगाच ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मला कॅम्पात का धाडलंत?

अंबरनाथला तुम्ही मुलींच्या शाळेच्या पडवीत वाचनालय काढलंत, तेव्हा मी आगपेटीच्या कारखान्यात काड्या भरायचे. चौथीतून शाळा सुटलेली. कामावरून निघाले की थेट तुमच्याकडे. झाडलोट करता करता कपाटं सांभाळू लागले, आणि सांभाळता सांभाळता वाचून काढली. कुठल्या काकूंना रडवणारं लागतं नि कुणाला भुताखेताचं, ते मला न विचारता कळायचं. हे वाचनालय पुढेमागे माझ्याच हाती येणार, असं मी धरून चालले होते. आणि तुम्ही ते एका मॅट्रिक झालेल्या मुलीच्या हवाली केलंत. मला म्हणालात, "तू उद्यापासून कॅम्पात. बराकीत एक खोली मिळालीय. सिंधी पुस्तकंही जमलीयत थोडी." फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची ती छावणी; उल्हासनगर हे तिचं नाव तेव्हा कुणाच्या जिभेवर बसलं नव्हतं. आणि मला सिंधीचं अक्षर ओळखता येत नव्हतं!

तरी गेले. आपल्या रीतीप्रमाणे प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, मजकुराच्या अगदी मधोमध, वाचनालयाचा शिक्का दाबून मारला. कुणी पान फाडून नेऊ नये म्हणून तुम्हीच तसं शिकवलं होतंत. दोन दिवसांनी एक म्हातारे सिंधी बाबा पुस्तक घेऊन परत आले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. "बेटी, सारी किताब पढ़ ली, पर खूनी तेरे ठप्पे के नीचे बैठा है!" त्यांची पुस्तकं उजवीकडून उघडतात, बाई. माझं पहिलं पान म्हणजे त्यांचं शेवटचं. कपाटातल्या एकूण एक गोष्टींचा शेवट मी शाईत बुडवला होता.

तशीच रडत तुमच्याकडे आले. तुम्ही चुलीपुढे बसलेल्या, हात पिठात. सगळं ऐकून विचारता, "मग दुसरं पुस्तक नेलं का त्यांनी?"

"नेलं. वर आणखी चौघांना घेऊन आले, माझी फजिती बघायला."

"त्यांनी?"

"त्यांनीही नेली."

"मग डोळे पूस नि ताट घे."

तेव्हाच धीर करून विचारलं, "बाई, मी इथे कमी पडले का?" तुम्ही भाकरी उलटलीत. म्हणालात, "गरम आहे तोवर खा." ते काय उत्तर होतं, बाई?

त्या बराकीतून मी कुठल्या कुठे गेले. बाहेरून परीक्षा दिल्या, शेवटी नगरपालिकेच्या वाचनालयाची प्रमुख झाले. निरोपाच्या समारंभाला ती मॅट्रिकवाली आली होती, आता माझ्यासारखीच पिकलेली. मी तिला विचारलंच. बिचारी चाचरत म्हणाली, "बाईंना वाटायचं, तपासणीला साहेब आला तर तुला इंग्रजीत बोलता येणार नाही." जेवताना तुमची धाकटी बहीण शेजारी बसली. ती म्हणते, "ताई म्हणायची, ही मुलगी उजाड माळावर बसली तरी भोवती माणसं गोळा होतील." आता मी कुणाचं खरं धरू? एकीचं धरलं की छातीत काहीतरी रुततं. दुसरीचं धरलं की वाटतं, म्हातारपणी कुणीतरी माझं मन राखतंय. आणि दोन्ही खरं असेल, तर तुम्ही पिठाच्या हातांनी नेमका कशाचा विचार करत होतात?

हे घडी करून उशीखाली ठेवते. टाकायचं म्हटलं तरी पत्ता कुठला घालू? पण खरं सांगू का, तुम्ही अजून त्याच घरात असतात, तरी मी हे टाकलं नसतं. तुम्ही उत्तर दिलं असतंत ना.