डावा इंडिकेटर

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून हे पत्र.

काल आमच्या कॅज्युअल्टीत तुमच्या पोस्टाजवळची शिंपीणबाई आली. रस्ता ओलांडताना स्कूटरने उडवलं. गुडघ्यातून मी चिमट्याने नारिंगी प्लास्टिकचे तुकडे वेचत होते आणि ती विचारत होती, मशीनचं पायडल पुन्हा मारता येईल ना. हाडाचा चुरा झालाय, काय सांगू? लोकांनी फोन काढले ते फोटोसाठी. स्कूटरवाला थांबला, वळून पाहिलं आणि निघून गेला. रक्तामांसाची मला कधी किळस आली नाही, असल्या माणसांची मात्र शिसारी येते.

बाबांचा मोतीबिंदू पिकलाय. स्कूटरची किल्ली काढून घे. एवढा गॅरेजवाला म्हणवतोस, एक किल्ली लपवता येऊ नये?
तुझी ताई

ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. किल्ली लपवायची गरजच उरली नाही. बाबांनी आपणहून हातात दिली, म्हणाले, पुरे झालं आता. गेल्या आठवड्यात फाटकाला घासून डावा इंडिकेटर फोडला होता. मी लगेच नवा बसवला, मडगार्डही ठोकून सरळ केलं. गॅरेजवाल्याच्याच दारात मोडकी गाडी दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. शिंपीणबाईंचा भाग दोनदा वाचायला लावला. तेव्हापासून जेवणावर लक्ष नाही. मी काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस, वय झालंय.
कान धरायला हक्काचा,
धाकटा

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वादाला हात उचलत नाही. फाटकाला घासून मडगार्ड चेपत नाही, हे मी तुला सांगायचं? माझं पत्र वाचतानाच तुला कळलं असणार. तरी झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलास.

परक्या स्कूटरवाल्याला शिव्या घालणं सोपं होतं. आता तीच शिसारी आपल्या घराची येतेय, तुझीसुद्धा. तिच्या पायात सळई घातलीय. ड्युटी संपली की वॉर्डात जाते, तर ती माझेच आभार मानते. तोंड कुठे लपवू? पोलिसांना मी सांगणारच आहे. त्याआधी बाबांनी स्वतः यावं, एवढ्यासाठी थांबलेय. हेही त्यांना वाचून दाखव, शब्द न गाळता.
लोभाचं नंतर पाहू.
ताई

ता. १७ फेब्रुवारी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर. अक्षर वाकडं आहे, पण धाकट्याकडून लिहवून घेतलं नाही. त्याच्यावर रागावू नकोस. त्याने बापाला झाकलं, एवढंच.

काल मी बसने आलो होतो, वॉर्डाच्या दारापर्यंत. तू तिची उशी सरळ करत होतीस. मी थांबलो, पाहिलं आणि निघून आलो. घरी येईपर्यंत स्वतःचीच किळस येत होती.

शनिवारी पहिल्या बसने पुन्हा येतो. तू तिच्याजवळ थांबू नकोस. माझ्या मागे दारात उभी राहा, म्हणजे मला वळता येणार नाही.
तुझे बाबा