दोन एकेचाळीसचा निरोप

१० नोव्हेंबर, सोमवार

दुर्गला लेबर कोर्टात तारीख होती. साडेअकराला पुकारा झाला. चंपतची साक्ष. माझा मुलगा सुगत शेडवरून पडून गेला तेव्हा हाच त्याच्यासोबत कामाला होता. 'सेफ्टी बेल्ट था, उसने पहना नहीं' — एवढंच बोलला, माझ्याकडे न बघता. ठेकेदाराच्या वकिलाने लगेच मुद्दा केला: मयताची स्वतःची चूक.

बाहेर टपरीपाशी चंपतने गाठलं. 'काकाजी, माफ करा. मले नोकरी हाय तिथंच. पण चढायच्या आंधी त्यानं तुमाले फोनवर बोलून पाठवलं होतं न? तेच द्या न कोर्टात!'

आमच्या वकील ऐश्वर्या मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

११ नोव्हेंबर

मॅडमचा फोन. 'मेश्राम जी, आप दुनिया भर की रिकॉर्डिंग टाइप करते हैं, और अपने बेटे की दबाकर बैठे हैं?' हिंमत होत नाही, म्हटलं. 'सोमवार तक टाइप करके दीजिए. पूरी चैट लगेगी, आगे-पीछे की भी. कुछ डिलीट मत कीजिएगा.'

एकोणीस वर्षं रेकॉर्डिंग कागदावर उतरवून देताना वकिलांना मीच हे सांगत आलो. अर्धं देऊ नका, पूर्ण द्या.

१२ नोव्हेंबर

काही टाइप केलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

राजदीप वकिलाच्या तीन रेकॉर्डिंग आल्या. मग त्याचा फोन. 'क्या मेश्राम जी! पहले तो भेजते ही अंगूठा आ जाता था. अब पता ही नहीं चलता, माल पहुँचा कि नहीं!' हसत होता. अंगठ्याचं चिन्ह न पाठवता 'मिल गई' असं टाइप करून कळवलं.

दिवसभर हेडफोन लावून दोन भावांचं जमिनीवरचं भांडण उतरवलं. शिव्यांसकट. दुसऱ्याचं उतरवणं सोपं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चंपतच्या बायकोने बाजारात माझ्या बायकोला, रुक्माला, त्या निरोपाचं सांगितलं. ती पिशवी हातात घेऊनच खोलीत आली.

'सात महिने झाले! पोराचा आवाज होता तुमच्यापाशी, अन् मले ऐकवला नाई?'

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

'आपला सुगत बेफिकीर होता म्हणून कोर्टात लिवलं ठेकेदारानं. अन् तुमी चूप बसून राहिले. कावून? सांगा न, कावून?'

मी हेडफोनची वायर गुंडाळत राहिलो.

'दगड आहा तुमी!'

पिशवीतले टमाटे खाली घरंगळले. तिनेही उचलले नाहीत, मीही नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी टेबलाशी बसलो. सुगतचा निरोप एप्रिलमध्ये एकदा ऐकला होता, आज दुसऱ्यांदा ऐकला. अडतीस सेकंद. नेहमीसारखे रकाने पाडले — वेळ, कोण, काय.

२.४१. सुगत: 'बाबा, या बेल्टचा हूक तुटला हाय. दुसरा देत नाई. फोरमन म्हणते, तसाच चढ. चढू का नको? तुमी सांगान तसं करतो.' मागून फोरमन: 'अरे चढ ना, बाप से पूछेगा क्या!'

त्याची चूक नव्हती. मॅडमना एवढंच हवं आहे. इथे थांबता येतं.

थांबलोच. पुढची ओळ तशीच राहिली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुढची ओळ टाइप केली.

२.४३. वडील: अंगठा.

तेव्हा निरोप ऐकलाच नव्हता. कानात दुसऱ्याचं काम चालू होतं. रेकॉर्डिंग कोणाचीही येवो — मिळाली म्हणून अंगठा पाठवायचा, ऐकायचं नंतर. सवय! त्याला वाटलं, बाबा चढ म्हणतात. तीनच्या आत पडला.

कागद रुक्माला दिला. तिने वाचला. परत वाचला. दोन लुगडी पिशवीत घातली आणि कुरुदला भावाकडे निघून गेली.

मी कोर्टासाठी तीन प्रती काढल्या, त्या ओळीसकट. पिना मारल्या. पानांवर आकडे टाकले.