नोट घेत नाही

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

हे काल संध्याकाळी गेले. आज सकाळी उचललं. दुपारी माणसं घाटावरून परत आली, अंगणात पाय धुतले, कडुलिंबाचं पान चावलं, गेली. सासूबाईंनी एकदा मोठ्याने रडून घेतलं आणि झोपल्या. शेजारच्या रुपाने वरण-भात आणला. दोन घास खाल्ले. इतकंच.

गाडीवर बसल्या बसल्याच गेले. स्टेशन रोडवर, आमच्या शेंगा-फुटाण्याच्या हातगाडीमागे, स्टुलावर. बाजूच्या चहावाल्या जागेश्वरभाऊंना वाटलं, झोप लागली. दोन-तीन गिऱ्हाइकांनी म्हणे आपल्याच हाताने शेंगा मापून घेतल्या. थाळीत चिल्लर टाकली. एकाने वीसची नोट टाकली — समोर 'नोट घेत नाही' अशी पाटी असताना! आणि एकाने नाण्याऐवजी लोखंडी वायसर. मेलेल्या आंधळ्यालाही वायसर.

तिरडी उचलताना मागे कोणीतरी तेच सांगत होतं. "जागेश्वरले वाटलं डोळा लागला." दुसरा म्हणाला, "आंधळ्याचा कायचा डोळा लागते बे!" हसले. मी दारातच उभी होते.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज लिहिणार नव्हते. पण रुपाने जे सांगितलं ते डोक्यातून जात नाही.

मयतीवर लाह्या आणि चिल्लर उधळतात. एक-दोनची नाणी. पोरं वेचतात, आया त्याला भोक पाडून लेकराच्या गळ्यात बांधतात, नजर लागू नये म्हणून. घरच्यांनी मात्र ते उचलायचं नसतं. धाकट्या दिराने, प्रफुल्लने, चिल्लर आणलीच नव्हती. सिहोऱ्याला स्वतःचं किराणा दुकान असून! आमच्या पलंगाखालचा पितळेचा गुंड, पाण्याची जुनी घागर, काढला. त्यात यांचे दहाचे शिक्के होते. बाजारात कोणी घेत नाही म्हणून साठत गेलेले.

"तसेही चालत नाहीत. दादाच्याच कामी येऊ दे," म्हणाला. आणि मुठी भरभरून उधळले.

पोरांनी उचलून पाहिले आणि टाकून दिले. "दहावाला आहे. चालत नाही."

रुपा हे हसत सांगत होती. मग तिला दिसलं, मी हसत नाही.

११ नोव्हेंबर

पहाटे उठून गेले. घरापासून घाटापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा. जे सापडले ते वेचले. गुलाल लागलेले, लाह्या चिकटलेले. काही ट्रॅक्टरच्या चाकाखाली चिखलात दबले होते, ते काडीने काढले.

सुतकात बाहेर पडायचं नसतं. माहीत आहे. घरच्यांनी उचलायचं नसतं, तेही माहीत आहे. पण त्यातला एकेक शिक्का यांनी अंगठ्याने ओळखून घेतला होता.

धान कापायला चाललेल्या बायका थांबल्या. एक म्हणाली, "नवरा सरणावर जयला नाही पुरा, अन् हे चिल्लर वेचून राहिली."

मान वर केली नाही.

१२ नोव्हेंबर

सासूबाईंना कळलं. मला ओरडल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून बोलल्या, "माहा आंधळा लेक गेला. तुले का, तू तं सुटली."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घरात पाहुणे. मी आतल्या खोलीत. लिहिलं की कोणी बोलायला येत नाही, म्हणून लिहिते.

हे जन्मापासून आंधळे नव्हते. लग्नाला चार वर्षं झाल्यावर नजर गेली. म्हणजे मला पाहिलेलं होतं — तेव्हाची. मग यांनी गाडी टाकली, मी अंगणवाडीत लागले.

सुरुवातीला नोटाही घ्यायचे. संध्याकाळी घरी आले की खिसा माझ्यासमोर रिकामा करायचे. मी एकेक नोट दिव्याखाली धरायची, दोन्ही बाजूंनी पाहायची आणि मोठ्याने सांगायची. "दहाची." "वीसची." दहाला हे एक घडी घालायचे, वीसला दोन. म्हणजे दुसऱ्या दिवशी सुटे देताना चुकायला नको.

लोक काय काय द्यायचे! वीस म्हणून दहा. अर्धी नोट. पोरांच्या खेळातली, चूर्णाच्या पुडीसोबत मिळते ती नोट. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडीवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवले नाहीत धड. त्यानंतर तसा कागद आला की मी आवाज न बदलता म्हणायची, "दहाची," आणि माझ्या मानधनातली खरी यांच्या हातात ठेवायची. कागद चुलीत. यांना कधी कळलं नाही. एवढ्या एका गोष्टीचं मला आजही बरं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मात्र एकाएकी पाटी आली. पेंटरकडून परस्पर रंगवून घेतली होती. फक्त शिक्के. नोट घेत नाही. मला विचारलंही नाही. धंदा निम्म्यावर आला. बदलले नाहीत. तत्त्वाचे पक्के! दहा-वीसची नोट सरकारने बंदच करावी, तेवढ्याचे शिक्केच ठेवावेत, यावर जागेश्वरभाऊंशी रोजचं भांडण. मी डबा घेऊन जायची तेव्हा ऐकायची.

"शिक्क्यानं खिसा फाटते, टिकाराम. शंभराची चिल्लर घेऊन निंगालो का पँट खाली येते!"

"तं पट्टा बांध."

"नोट कशी, घडी केली का झालं."

"मोठ्या नोटेवर बोटाले लागन अशी रेघ असते. दहाच्या नोटेवर काय असते? लोकाइचा घाम."

"अबे, आंधळे किती गावात? तुह्या एकट्यासाठी सरकार शिक्के पाडन का?"

"डोळेवाल्याच्याही कामाचं आहे. नोट भिजते, फाटते. शिक्का तुह्या नातवाले चालन. वीसच्याले कोपरे, दहाच्याले बाहेर पिवळा अन् आत पांढरा, कडेले दाते. बोट लावलं का समजलं. कोणाले विचाराचं काम नाही."

पिवळा, पांढरा. रंग आठवणीतले नव्हते, कोणीतरी सांगितलेले. नजर गेली तेव्हा दहाचा शिक्का निघालाच नव्हता.

पाटी लागल्यापासून संध्याकाळचा तो वेळ मोकळा झाला. मी भात लवकर टाकायला लागले.

१४ नोव्हेंबर

अंगणवाडीतून निरोप — कधी येता? पोरांचा खाऊ अडला आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

जागेश्वरभाऊ आले. दाराबाहेर उकिडवे बसले. हातातलं फडकं पिळत होते.

"वहिनी, तुमाले वाईट वाटन. पण गावात आता दहाचा शिक्का कोणीच घेत नाही. आधी खोटा म्हणत होते. आता म्हणते, टिकारामच्या अंगावरचा असन. काल एका पोट्ट्यानं चहाचे दिले, तं बाजूचा म्हणते, घे जागेश्वर, मित्रानं पाठवला."

"तुम्ही काय केलं?"

"हसलो, बाई." खाली पाहिलं. "सारेच हसून राहिले होते."

निदान खरं बोलले. मी चहा दिला. पाहुण्यांच्या कपबशीत नाही, काचेच्या ग्लासात. मनात एवढा राग आहे की कपबशीतून काढते आहे.

जाताना म्हणाले, प्रफुल्लने गाडीच्या जागेची चौकशी केली आहे. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण भाडं द्यायला तयार आहे.

१७ नोव्हेंबर

दहावा. नदीवर पिंड ठेवला. कावळा लवकर शिवला. प्रफुल्ल मोठ्याने म्हणाला, "पाहा, दादाची काही इच्छा बाकी नाही!" तेवढ्यासाठी कावळ्याचाही राग आला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ठरवलं. जागा द्यायची नाही. अंगणवाडी सुटली की चारपासून मीच गाडी लावणार. शेंगा मला भाजता येतात, वाळू किती तापवायची ते मला यांच्यापेक्षा चांगलं कळतं. पाटी तशीच राहील. ज्याला शेंगा खायच्या त्याने शिक्का आणावा. मला नोट दिसते. तरी घेणार नाही. यांचा शब्द आहे तो.

बँकेतही जाऊन आले. काउंटरवरच्या माणसाने एक शिक्का उलटसुलट केला. "चालतो की. कायद्याने चालतो. नाही कोण म्हणतं?" मी गुंड पुढे केला. म्हणाला, "आज मोजायला माणूस नाही." मागचा म्हातारा हसत म्हणाला, "सासरी नेऊन दे, बाई."

बरं सुचवलं त्याने.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तेरवी. मांडव, बुंदी, वांग्याची भाजी. सगळं प्रफुल्लने केलं. केलं ते केलं, पण पंगतीत फिरून सांगत होता. जेवणं झाल्यावर सोयऱ्यांसमोर सतरंजीवर मांडी घालून बसला.

"दादाचं सारं मीच केलं. वहिनीले एक पैसा मागतला नाही. मागणारही नाही. गाडीची जागा तेवढी माह्या हाती द्या म्हणतो. बाईमाणूस रोडवर उभी राहून शेंगा विकन का? लोक का म्हणतीन?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी सहसा बोलत नाही. सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई म्हणाल्या, "मुकी आहे ते. ते का सांगते. तूच घे."

मी आत गेले. गुंड आणला. त्याच्या मांडीवर उपडा केला.

असा उठला जसा अंगावर विंचू पडला! शिक्के सतरंजीभर. काहींना अजून गुलाल होता.

"मयतीचे आहेत हे! घरात कायले आणले?"

"तेरवीचा खर्च," मी म्हटलं. "घ्या."

"वेडी झाली का तू!"

"तुमच्या दुकानात चालत नाहीत. भावाच्या अंगावर चालले. आता तुमच्या अंगावर पडले. चालतात की नाही ते सांगा सगळ्यांना."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग दुसरा उघड हसला. "उचल ना, प्रफुल्ल! दहा-दहाचे आहेत, खोटे थोडीच आहेत!" प्रफुल्लची बायको पदराने त्याचा शर्ट झटकत होती. सासूबाई कपाळ बडवत होत्या. तो पायाने शिक्के बाजूला सारत वाट काढत होता, जसं शेणातून चालावं. हसणारे हसतच राहिले. यांच्यावर हसले होते तेच.

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटत नाही. फार बरं वाटलं. अजून एक गुंड असता तर तोही ओतला असता.

जागेचं नाव परत कोणी काढलं नाही.

संध्याकाळी मी मोरीवर भांडी घासत होते. प्रफुल्ल मागे येऊन उभा राहिला. कपडे बदललेले होते. आवाज न चढवता एक गोष्ट सांगितली आणि मोटारसायकलला किक मारून गेला. ती आज लिहीत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रफुल्ल म्हणाला —

"वहिनी, ते खेळातल्या नोटा लोकच देत होते असं वाटते का तुले? दोन मी देल्या होत्या. माह्या दुकानातल्या. गंमत म्हणून. दुसऱ्या दिवशी दादाले विचारलं, काल नोट बरोबर होती का? म्हणते, हो, हर्षानं पाहिली, दहाचीच होती. तवा मीच सांगतलं त्याले, का तुही बायको तुले पोट्ट्यावाणी खेळवते. मग म्हणे, पेंटर कुठं बसते? शिक्का बरा, म्हणे. घरी गेल्यावर कोणाले विचारा लागत नाही."

दोन वर्षं माझ्या हातचं जेवले. एक शब्द बोलले नाहीत.

पाटी गाडीवरून काढली. पलंगाखाली ठेवली, गुंडाशेजारी.

दूधवाल्याने सुटे म्हणून दहाची नोट परत दिली. विटकी, तेलकट. आत आले, दिवा लावला. नोट दिव्याखाली धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली.

"दहाची," मी मोठ्याने म्हटलं. एक घडी घातली आणि डब्यात ठेवली.