बाबांच्या आवाजासाठी फोन

३ मार्च
बाबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर बोलता येणार नाही, काय ते आधी बोलून घ्या. बसडेपोत तीस वर्षं घोषणा केलेला आवाज. बाथरूममध्ये जाऊन रडलो. मग ठरवलं, बाबांचं बोलणं भरपूर रेकॉर्ड करून ठेवायचं. उद्यापासून.

४ मार्च
घाई नको. माझ्या फोनमधली मेमरी ईएमएमसी. स्वस्तातली, मंद, जुनी झाली की कधी मान टाकेल नेम नाही. तिच्या भरवशावर बाबांचा आवाज? वेगवान, टिकाऊ अशा यूएफएस मेमरीचा नवा फोन हवा. धाकटी बहीण म्हणाली, आहे त्यातच कर की. तिला यातलं ओ की ठो कळत नाही.

७ मार्च
एकेका कप्प्यात तीन बिट ठेवलेली मेमरी टिकते. चार कोंबलेली स्वस्त, पण लवकर झिजते. दुकानदाराला विचारलं, यातली कुठली? तो म्हणाला, सेल्फी छान येतो. बाहेर पडलो.
संध्याकाळी बाबा म्हणाले, जरा बसतोस का. म्हटलं, तुमच्याच कामात आहे.

१० मार्च
चिपचे भाव चढलेत. पुढच्या आठवड्यात उतरतील असं एका व्हिडिओत सांगितलंय. थांबतो. हा चिकटपणा नव्हे, अभ्यास आहे. मेमरी कार्डाचाही विचार केला, पण नकली फार. दाखवतात भरपूर, मावतं थोडं.
धाकटी म्हणते बाबांचा आवाज बसत चाललाय. मला तर ठणठणीत वाटला.

१३ मार्च, रात्री
डॉक्टरांनी ऑपरेशन उद्यावर आणलं. हरकत नाही. भाव न बघता फोन घेतला, दुकानातला सगळ्यात चांगला. हॉस्पिटलात बाबांसमोर उघडला तर अपडेट सुरू. पट्टी पुढे सरकेना. बाबा बघत राहिले, मग डोळा लागला त्यांचा. आजारी माणसाला उठवणं बरं दिसत नाही. सकाळी निवांत करू.

१४ मार्च
पार्किंग मिळेना. वर पोचलो तर आत नेलं होतं.
ऑपरेशन चांगलं झालं.

२५ मार्च
बाबा घरी आले. धाकटीने तिच्या जुन्या फोनमधलं रेकॉर्डिंग पाठवलं. बटण दाबून नुसती उशाशी बसली होती. पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, कसलाच दर्जा नाही. चारदा ऐकलं. बाबा डेपोतल्या गमती सांगतायत. मध्येच विचारतात, आमचे साहेब कुठे? ती म्हणते, फोन बघायला गेलाय. बाबा म्हणतात, येऊ दे, त्याच्याशी एक बोलायचं राहिलंय. पुढे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येतो.
आत जाऊन बाबांना विचारलं, काय बोलायचं होतं. त्यांनी पाटी घेतली, अर्धी ओळ लिहिली आणि तळहाताने पुसून टाकली.