यादीत सगळ्यात वर

२ जून, सोमवार
कमिटी शुक्रवारी, १३ तारखेला. कायमची नोकरी मला, नाहीतर कॉर्दोबाच्या उर्किसाला. नाही मिळाली तर हे बारिलोचे गाव सोडायचं, एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा तात्पुरता पोस्टडॉक. थकलोय मी. पण पेपर तयार आहे. स्ट्रिंग थिअरीतल्या घडी घातलेल्या मिती, त्यातून एक जड कण, तो मोडला की डार्क मॅटरही मिळतं आणि डार्क रेडिएशनही. सुंदर. गणित एकदा तपासायचं, बस.

४ जून
शीर्षक ठरवलं. दिवस गेला. न्याहारीच्या गोड मेदियालुना, त्या चंद्रकोरी पावांच्या, बंद. (दोनच खाल्ल्या. लहान होत्या.)

५ जून
एकाच प्याल्यातून माते हा कडू चहा पिताना शेजारच्या खोलीतल्या नेलिदाने विचारलं, अरे, तुझ्या घडीत अ‍ॅक्सिऑन किती? म्हटलं, तो हलका कण एकच धरलाय, सुटसुटीत. तर म्हणे, धरतोस काय, मोज की! प्रत्येक अ‍ॅक्सिऑन डार्क रेडिएशन वाढवणार, आणि आकाशात ते जेमतेम नावाला. जळते, दुसरं काय. 'ग्रासियास', धन्यवाद, म्हणून प्याला परत केला. ग्रासियास म्हटलं की तो पुन्हा माझ्याकडे फिरत नाही. कळलं असेल तिला.

९ जून
खरी मेख वेळेत आहे. छापण्याआधी पेपर जिथे टाकतात ती प्रीप्रिंटची साइट दुपारी तीनला त्या दिवसाची यादी बंद करते. त्यानंतर जो सगळ्यात आधी पाठवेल, तो पुढच्या यादीत सगळ्यात वर. वरचा पेपर सगळे वाचतात, खालचे कोण वाचतंय? दिवसभर बटण दाबायचा सराव. गणित उद्या सकाळी.

१० जून
सकाळी तळ्यावरून वारा सुटला, म्हणून इंटरनेट तपासत बसलो. गणित राहिलं. तीनला दाबलं.

११ जून
पहिला! आईला फोन केला. म्हणाली, बरं झालं बाळा, स्वेटर घाल.

१२ जून
क्राकोच्या कुणा विद्यार्थिनीचा मेल. अतिशय नम्र. आपल्या घडीत अ‍ॅक्सिऑन किती?
मोजले. दोनशेच्या वर. माझ्या विश्वात डार्क रेडिएशनचा नुसता पूर.
पेपर मागे घेतला. पण साइटवरून पेपरचं नाव पुसलं जात नाही, शिवाय कारण द्यावं लागतं, आणि तेही कायमचं राहतं. लिहिलं, 'अ‍ॅक्सिऑन मोजायचे राहिले.'
कमिटीवाले सहसा पेपर वाचत नाहीत. तेवढाच धीर.

१३ जून
नेलिदा आली. म्हणाली, फाबियान, उर्किसाला घेतलं रे. विचारलं, त्यांनी वाचला होता का? म्हणाली, सगळ्यांनी. सगळ्यात वर होता ना.
मग तिने मातेचा प्याला पुढे केला. पिऊन परत दिला. ग्रासियास म्हटलं नाही.