बटणंच तर दाबायची

४ ऑगस्ट
धाकटीने आज हिशोबाच्या खणाची किल्ली माझ्या टेबलावर आपटली. कारण क्षुल्लक. ताळेबंद सॉफ्टवेअरच तयार करतं, तू नुसती बटणं दाबतेस, एवढंच मी म्हणालो. कामगारांसमोर म्हणालो हे खरं, पण हळू आवाजात. ती म्हणाली, "मग या वर्षी तू दाब, दादा."
दाबतो. आम्ही बरण्यांची झाकणं बनवतो. त्यात हिशोब असून असून किती असणार? शिवाय इतकी वर्षं ताळेबंद माझ्याच सहीने गेला आहे. ती कागद समोर ठेवते, सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असते. फुली काय, कोणीही मारेल.

५ ऑगस्ट
जेवताना आईने निकाल दिला. कंपनीत आम्ही तिघं संचालक, पण आई बोलली की मतदान होत नाही. महिनाअखेरच्या आत सीएने माझा ताळेबंद मान्य केला तर कारभार माझ्याकडेच. नाहीतर सह्यांचा अधिकार धाकटीकडे. मी हसलो. आईने वाढणं चालू ठेवलं.
निश्चय: रोज पहाटे पाचला उठून हिशोब.

६ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ
गजर वाजला नाही. वाजला होता असं आई म्हणते. तिला हल्ली नीट ऐकू येत नाही.

७ ऑगस्ट
सॉफ्टवेअर धाकटीच्या कॉम्प्युटरवर आहे. विचारलं तर पासवर्ड सांगते, असा निरोप तिने पॅकिंगच्या मावशींकडून पाठवला. आमची टेबलं समोरासमोर आहेत. मावशींना तीन पावलं चालावी लागली.
विचारणार नाही. जीव गेला तरी.
त्याच सॉफ्टवेअरची शिकाऊ आवृत्ती इंटरनेटवर फुकट मिळते. लॅपटॉपवर उतरवून घेतली. पैसे वाचले ते वेगळंच. ही दृष्टी तिच्याकडे कधी नव्हती.

९ ऑगस्ट
सॉफ्टवेअर उद्धट आहे. सात तारखेचं वीजबिल घेईना. तेरा तारखेचा चेक घेईना. दुपारी उलगडा झाला. शिकाऊ आवृत्तीत महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची, एवढ्याच तारखा चालतात.
मार्ग काढला. जी तारीख अडेल ती पहिलीवर ढकलायची. पैसा तोच, रक्कम तीच. तारखांचं स्तोम कारकुनांनी माजवलेलं आहे.

१२ ऑगस्ट
धाकटी मान उंच करून माझ्या स्क्रीनकडे बघते. मध्ये टेबल कॅलेंडर उभं केलं.
चार वाजता तिने चहा मागवला. खोलीत माणसं तीन, कप दोन. पंख्याचं बटण माझ्या बाजूला आहे, ते बंद केलं. तिने उठून माझ्यामागची खिडकी सताड उघडली. बिलं उडाली. गोळा केली, पण काही सापडली नाहीत. मावशी म्हणाल्या, तुम्ही दोघं शाळेत तरी नीट वागत होता का? धाकटी म्हणाली की शाळेतही माझा गृहपाठ तीच करून द्यायची. हे धादांत खोटं आहे. फक्त गणिताचा.
हरवलेल्या बिलांच्या रकमा अंदाजाने भरल्या. अनुभव इथे कामी येतो.

१७ ऑगस्ट
आज सहा महिन्यांची विक्री भरायची होती. त्याऐवजी बिलांचं कपाट सरकवून नीट लावलं. पाया पक्का हवा.

२१ ऑगस्ट
ताळेबंद जुळला. डावी बाजू, उजवी बाजू, शेवटच्या पैशापर्यंत सारखी. मधे 'सुरुवातीच्या शिलकेतला फरक' अशी एक ओळ सॉफ्टवेअरने आपणहून घातली आहे. रक्कम बरीच मोठी दिसते. पण न सांगता मदत करणारं या ऑफिसात निदान कोणीतरी आहे.
सहीसाठी नवं शाईचं पेन घेतलं. मागच्या कोऱ्या कागदावर सराव केला. सही अजून दमदार येते.

२६ ऑगस्ट
सीए आला. आईही ऑफिसात आली, धाकटीच्या शेजारी बसली. बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून.
सीएने पानं उलटली. वीजबिल पहिलीला, डिझेल पहिलीला, झाकणांची विक्री पहिलीला. चष्मा काढून म्हणाला, "तुमची कंपनी महिन्यातून तीनच दिवस चालते का?"
मी तारखांबद्दलचं माझं मत समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि त्या फरकाच्या ओळीवर बोट ठेवलं. गेल्या वर्षीच्या शिलका कुठे आहेत, असं विचारलं. त्या धाकटीच्या कॉम्प्युटरवर आहेत, मी म्हणालो. यानंतर तो जे बोलला ते सगळं धाकटीकडे बघून बोलला.
ती हसेल असं वाटलं होतं. उत्तर तयार ठेवलं होतं. तिने फाईल बंद केली आणि म्हणाली, "दादा, एक पासवर्ड विचारायचा होतास. मी रोज वाट बघत होते."
मी म्हणालो, कामात होतो.

२८ ऑगस्ट
धाकटी काल सकाळपासून ताळेबंदावर बसली आहे. उडालेली बिलं तिला कपाटामागे मिळाली. दिवसभर तिच्या कीबोर्डचा आवाज. नुसती बटणं.
आज चहाचे तीन कप आले. मी मुद्दाम उशिरा प्यायलो. थंड झाला होता.

३१ ऑगस्ट
ताळेबंद तयार झाला. कागद धाकटीच्या टेबलावर होते. मी नवं पेन घेऊन उठलो. शेवटचं पान उघडलं, मग आधीचं, मग पुन्हा शेवटचं. फुली दिसेना. या वेळी घाईत राहिली असणार.
कुठे सही करायची, असं मी तिला विचारलं. ऑगस्टभरात मी तिला विचारलेली ही पहिली गोष्ट.
"या वर्षी तुझी सही नाहीये, दादा." हळू आवाजात म्हणाली. मावशीही ऐकू शकल्या नसत्या.
दोन सह्या आधीच झालेल्या होत्या. एक तिची. दुसरी आईची, थरथरती. तिच्याखाली पुसलेल्या पेन्सिलीची खूण अजून दिसत होती.
मी म्हणालो, बरं झालं, मला आज घाईच आहे.
पेन खिशात ठेवताना टोपण लावायचं राहिलं. घरी येईपर्यंत खिशावर मोठा निळा डाग. आई म्हणाली, काढून दे, मी भिजत घालते.
शाईच हलकी आहे. उद्या पेनवाल्यांना कडक पत्र लिहिणार आहे.